दाराच्या अलीकडे

घरातल्या दारांच्या कड्या धाकटीने काढायला सुरुवात केली, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आधी स्वयंपाकघराची गेली, मग माडीवरच्या खोल्यांची, मग न्हाणीघराची. काढलेली कडी, पट्टी, स्क्रू, सगळं ती एका बरणीत नीट भरून ठेवायची. शेवटी पुढच्या दाराचीही गेली. घराला बाहेरून कुलूप लावता येईना, तेव्हा आईचं कुठे जाणंयेणंच बंद झालं. "आता मीच या घराची कडी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची.

पण मागच्या मंगळवारी धाकटी पेचकस घेऊन शेजारच्या घरात शिरली. तिथले म्हातारे मास्तर आंघोळ करत होते. दारावर खरखर ऐकून त्यांना चोर वाटला. ते घाईने उठले, घसरले आणि मनगट मोडून बसले. त्यांच्या सुनेने गल्लीत उभं राहून जे सुनावलं, ते ऐकल्यावर भाऊने ठरवलं, की आता पाणी डोक्यावरून गेलं. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी आईकडे जमायचं.

थोरली पोचली तेव्हा टेबलावर अर्ज मांडून ठेवलेला होता. गावाबाहेरच्या मनोरुग्णालयाचा. त्यावर दोन सह्या लागणार होत्या, एक घरच्या माणसाची आणि एक जाणकाराची. आईची सही झाली होती. जाणकार म्हणजे थोरली. मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं ती समुपदेशक होती. दुसऱ्याच्या दुःखाला चार ओळींत बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ती कुठे आहे?" थोरलीने विचारलं.

"आत्याकडे पाठवलीय," भाऊ म्हणाला. "तिच्यासमोर हे बोलणं बरं दिसत नाही."

भाऊ थोरलीहून सहा वर्षांनी लहान, आणि धाकटीहून नऊ वर्षांनी मोठा. बाबा गेल्यावर धाकटीला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा तो. कोटांच्या कारखान्यात तिला कामाला लावलं तेही त्यानेच. तिसऱ्या मजल्यावर ती काजं करायची आणि त्या मजल्याचा मुकादम भाऊ होता. अकरा महिन्यांपूर्वी भरदुपारी तिथे आग लागली. जिन्याचं दार बाहेरून बंद होतं. एकोणीस बायका गेल्या. धाकटी खिडकीतून शेजारच्या पत्र्यावर पडली म्हणून वाचली, आणि भाऊ त्या वेळी खाली फाटकावर होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच.

"उद्या चौकशी समिती बसतेय," भाऊ म्हणाला. "साक्षीदारांच्या यादीत तिचं नाव आहे. तिथे पाच माणसांपुढे तिला उभं केलं ना ताई, तर ती उभ्या उभ्या कोसळेल. त्याच्या आत तिला कुठेतरी शांत जागी ठेवू. महिना, दोन महिने."

"तिथे महिन्यासाठी कुणी जात नाही," थोरली म्हणाली. "मावशी किती दिवसांसाठी गेली होती?"

आईने चहाचा कप बशीत ठेवला. तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मावशीला, त्याच मनोरुग्णालयात ठेवलं होतं. लग्न मोडल्यावर ती रस्त्याने मोठमोठ्याने बोलत जायची, म्हणून. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि 'बहीण हाताबाहेर गेली आहे' हा जबाब तिनेच दिला होता. मावशी सदतीस वर्षं तिथे राहिली आणि तिथेच गेली. घरात तिचा विषय निघाला की आई उठून कपडे वाळत घालायला जायची. आज उठली नाही.

"तेव्हा काळ वेगळा होता," ती म्हणाली. "आणि तू आहेस ना आता. तुझी ओळख आहे तिथे."

थोरलीने अर्ज पुढे ओढला. सही करायचं तिच्या मनात जवळजवळ ठरलेलं होतं, हे खोटं का सांगा? धाकटीला तिने स्वतः सात वेळा समोर बसवलं होतं. इस्पितळातल्या तिच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे. सातही वेळा धाकटी गप्प बसून राहिली आणि खोलीचं दार लावू देईना. सातव्या वेळी थोरलीने कागदावर लिहिलं होतं: 'मूळ स्वभाव हळवा. घटनेचा स्वीकार नाही. सहकार्य नाही.'

तेवढ्यात बिनकडीचं पुढचं दार ढकलून आत्या आत आली. तिच्या मागे धाकटी होती, आणि धाकटीच्या मागे कारखान्यातली बटणवाली. आत्याची लाँड्री चौकात होती. तिच्या मागच्या इस्त्रीच्या खोलीत कारखान्यातल्या वाचलेल्या बायका दर शनिवारी दुपारी बसायच्या. कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या, कुणी बोललं तर बोलायच्या. कागद आणायचा नाही, कुणी कुणाला 'विसर आता' म्हणायचं नाही, असे दोन-तीनच नियम. थोरली एकदा तिथे जाऊन आली होती. एक बाई पाऊण तास नुसती रडली, आणि तिला कुणी पाणीसुद्धा दिलं नाही. दोघी जणी तिच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या सरकवून घड्या घालत राहिल्या. थोरलीला तो सगळा अडाणीपणा वाटला होता. बायकांच्या कुटाळक्या, असं ती आत्याला तोंडावर म्हणालीही होती.

"वन्सं, तिला तुमच्याकडे ठेवायचं ठरलं होतं," आई म्हणाली.

"ठरलं होतं तुमचं, वहिनी. ही मला म्हणाली, आत्या, आज घरी माझ्यावर पंचायत बसणारेय. म्हटलं, तुझ्यावर बसणारेय तर तू नको का तिथे?"

"आणि या बाई कशाला?" भाऊ उठून उभा राहिला. "हा घरचा मामला आहे."

बटणवाली दाराशीच थांबली. पन्नाशीची, ठेंगणी बाई. आगीच्या दिवशी ती पहिल्या मजल्यावर बटणं लावत होती म्हणून बाहेर पडली. तिची एकुलती एक मुलगी तिसऱ्यावर, धाकटीच्या शेजारच्या मशीनवर होती.

"बसू नका म्हणालात तर बसत नाही," ती म्हणाली. "पण ही मला ये म्हणाली. शनिवारी माझ्या बाजूला ही बसते, आज हिच्या बाजूला मी. एवढंच."

तिने स्टूल ओढलं आणि धाकटीच्या खुर्चीला लावून ती बसली. तिला ऊठ म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही. ज्या बाईची मुलगी गेली, तिच्याशी भाऊ अकरा महिन्यांत एकदाही नजर मिळवून बोलला नव्हता, हे थोरलीच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

"बोला," आत्या म्हणाली. "हिच्याबद्दल जे बोलत होतात ते हिच्यासमोर बोला."

मग थोरलीनेच घसा साफ केला. "बाळा, तुझी तब्येत..." तिने सुरुवात केली, आणि स्वतःचाच इस्पितळातला आवाज ऐकून ती थांबली. समोर धाकटी बसली होती. फिक्या पडलेल्या ओठांची, नखं कुरतडलेली. बटणवालीने तिच्या मांडीवर हात ठेवला होता. थोरलीला वाटलं, सात वेळा मी हिला विचारलं, कसं वाटतंय, झोप लागते का, एक ते दहामध्ये भीती किती. जे ही रोज करत होती त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

"कड्या का काढतेस तू?" तिने विचारलं.

"बाहेरच्याच काढते," धाकटी म्हणाली.

थोरलीने पुढच्या दाराकडे पाहिलं, आतली कडी तिथेच होती. खरंच होतं. न्हाणीघराची आतली कडीही जागच्या जागी होती, माडीवरच्याही होत्या. गेल्या होत्या त्या फक्त बाहेरून लावायच्या. एवढी मोठी जाणकार, आणि तिला ते दिसलं नव्हतं. आजार ती धाकटीच्या स्वभावात शोधत बसली होती, दाराकडे तिने बघितलंच नव्हतं.

"बाहेरून लावलेली कडी बाहेरचाच माणूस काढू शकतो ना, ताई," धाकटी म्हणाली. "मग त्याची वाट बघावी लागते."

"बाळ, पुरे," आई एकदम म्हणाली. "दमलीस तू. आत जाऊन पड."

आईचा आवाज इतका घाईचा होता, की सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. थोरलीने आईकडे पाहिलं, मग भाऊकडे. भाऊच्या कपाळावर घाम होता. बावीस वर्षं माणसांचे चेहरे वाचून जे पोट भरतात, त्यांना एवढं पुरतं.

"आई, तुला काय माहीत आहे?"

"काही नाही."

"मी सांगितलं होतं आईला," भाऊ म्हणाला. तो खाली बसला. "त्याच दिवशी."

"भाऊ, गप्प बस," आई म्हणाली. "अकरा महिने राखलंय. दोन्ही लेकरं माझीच आहेत. एकाला वाचवायला गेले तर दुसरं जातं. मी काय करायला हवं होतं?"

पण भाऊ बोलत सुटला होता. तो फाटकावर नव्हता. म्हणजे नंतर होता. आधी तो जिन्यावरच होता, दाराच्या बाहेर. बायका वेळेआधी उठून जातात म्हणून दाराला कुलूप घालायचा साहेबांचा हुकूम होता, तोंडी. किल्ली खाली साहेबांकडे असायची. धूर दिसला तेव्हा त्याने दारावर धक्के मारले, आतून हाका ऐकल्या. "आलो, किल्ली घेऊन आलो," असं ओरडून तो खाली पळाला. साहेब म्हणाले, किल्ली मी वर पाठवतो, तू आधी फाटकावर उभा राहा, बाहेरची गर्दी आत येता कामा नये.

"आणि तू उभा राहिलास?" थोरलीने विचारलं.

"राहिलो. वीस वर्षं ते म्हणतील तिथे उभा राहत आलो होतो मी. मला वाटलं, पाठवली असेल." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "वर बघितलं तेव्हा खिडक्यांतून धूर येत होता. तरी मी उभाच होतो, ताई."

थोरलीला वाटलं, संपलं, जे होतं ते बाहेर आलं. भावाला वाचवायचं म्हणून धाकटी गप्प होती, आणि तिच्या गप्प बसण्याला आपण 'सहकार्य नाही' म्हणालो. तिने अर्ज बाजूला सारला. पण धाकटी अजून बटणवालीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"मी त्याचा आवाज ओळखला होता," धाकटी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, थांबा, तो माझा भाऊ आहे, तो येतोय. मी म्हटलं म्हणून त्या थांबल्या. दाराशी जाऊन बसल्या सगळ्या."

बटणवालीचा हात तिच्या मांडीवरच होता.

"माझी पण?" तिने विचारलं.

"ती खिडकीवर चढली होती. मी तिला खाली ओढलं. म्हटलं, वेडी आहेस का, पाय मोडशील, भाऊ येतोय. मग खूप वेळ झाला. मग मला काही दिसेना आणि मी एकटीच..." पुढचं तिला बोलता आलं नाही.

बटणवालीने हात काढून घेतला. तिने तो झटकला नाही, सावकाश उचलून आपल्या पदराखाली नेला.

"पाय मोडला असता," ती म्हणाली. "मोडला असता तर मोडला असता."

मग ती उठली आणि बाहेरून कडी नसलेल्या दारातून बाहेर गेली. आत्या तिच्या मागे धावली. आईने तोंडाला पदर लावला. धाकटी रडत नव्हती. थोरलीने तिच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसायचं ठरवलं, पण तिथवर जायला तिला फार वेळ लागला.

सोमवारी भाऊ समितीपुढे आपणहून गेला. थोरली त्याच्याबरोबर होती. त्याने सगळं सांगितलं, एक अक्षर चोरलं नाही. समितीतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "कुलपाचा हुकूम लेखी होता का?" नव्हता. "फाटकावर उभं राहण्याचा?" तोही नव्हता. मग साहेबांना बोलावलं. साहेब शांतपणे म्हणाले, की असा कुठलाही हुकूम कधीच दिलेला नव्हता. मजल्याची जबाबदारी मुकादमाची असते. आणि मुकादमाने तर आता स्वतःच कबूल केलं आहे, की दाराशी तो होता.

धाकटीची साक्ष दुपारी झाली. बायका दाराशी का थांबल्या, हेही तिने सांगितलं. साहेबांच्या वकिलाने ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्याने एक कागद पुढे केला. थोरलीच्या इस्पितळातला कागद. तो त्यांच्या हाती कसा लागला, ते तिला कधीच कळलं नाही. 'मूळ स्वभाव हळवा,' वकिलाने वाचलं. 'घटनेचा स्वीकार नाही.' अक्षर कुणाचं, असं त्याने विचारलं, आणि थोरलीला उभं राहून 'माझं' म्हणावं लागलं.

"मी ते चुकीचं लिहिलं होतं," ती म्हणाली. "आजार तिचा नव्हता. तुमच्या दाराचा होता."

"म्हणजे आपलं निदान चुकतं," वकील म्हणाला. "नोंद करून घ्या."

गुरुवारी निकाल लागला. दुर्घटनेला मुकादमाचा हलगर्जीपणा आणि कामगारांमधला गोंधळ कारणीभूत. कारखान्यावर ठपका नाही. एकोणीस बायकांचं खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटलं आणि उरलेलं त्याच्या बहिणीच्या. त्याच संध्याकाळी पोलीस भाऊला घेऊन गेले. जाताना तो आईच्या पाया पडायला वाकला, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती थोरलीला एवढंच म्हणाली, "खरं बोलायचं होतं ना तुम्हाला? बोललात. आता घरात राहिलं कोण?"

झाकलेलं उघडलं की जखम भरायला लागते, असं थोरलीने कितीतरी जणांना सांगितलं होतं. ऐकणारा कोण आहे आणि ऐकून तो त्याचं काय करणार आहे, हे तिने कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

शनिवारी धाकटीने केस विंचरले आणि ती लाँड्रीत जायला निघाली. थोरली म्हणाली, "आज नको." धाकटी म्हणाली, "मला तेवढी एकच जागा आहे, ताई." मग दोघी निघाल्या.

इस्त्रीच्या खोलीत बायका आधीच जमल्या होत्या. नेहमी चौदा असायच्या, आज नऊ होत्या. दोघी तिघींनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा घड्या घालायला लागल्या. एकीने खुर्ची थोडी सरकवून जागा केली. बटणवाली खिडकीपाशी होती. तिने हातातली चादर पूर्ण घडी करून ठेवली, मग ती उठून धाकटीपाशी आली.

"मी तुला दोष देत नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून स्वतःला सांगते, पोरीने भावावर विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं. आपल्याला कोंडलं त्यांनी, आणि आता एकमेकींत भांडायला लावतायत. सगळं कळतं मला. पण तू समोर बसलीस की माझी पोर खिडकीवरून खाली उतरताना दिसते. दर वेळी उतरते. मला नाही बघवत."

"मग तिला नको का बसायला?" आत्या म्हणाली. "इथे कुणाला उठवायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. म्हणून तर मी निघते." बटणवालीने पिशवी उचलली.

"तुम्ही बसा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तुमची मुलगी गेलीय. तुम्ही कुठे जाणार?"

कुणीच धाकटीला थांब म्हणालं नाही. ज्या बाईने खुर्ची सरकवली होती, तिच्या डोळ्यांना धार लागली होती. आत्या दोघींच्या मध्ये उभी होती, एक पाय इकडे, एक तिकडे. शेवटी तिने हातातली इस्त्री बंद केली आणि ती तिथेच उभी राहिली. बटणवाली पिशवी मांडीवर घेऊन हळूहळू खाली बसली.

धाकटी बाहेर आली, तिच्या मागोमाग थोरली. रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. टेम्पोवाला धुतलेल्या चादरींचे गठ्ठे उतरवत होता, समोरच्या दुकानातला माणूस गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. लाँड्रीच्या तीन पायऱ्या उतरून धाकटी फुटपाथवर थांबली, आणि तिला डावीकडे जायचं की उजवीकडे, ते कळेना.

"ताई," ती म्हणाली, "आता मी कुठे बसू?"

कुणी काय करावं, कुठे जावं, कुणाला भेटावं, हे सांगण्यात थोरलीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता ती लाँड्रीच्या खालच्या पायरीवर बसली, चांगल्या साडीची पर्वा न करता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी. धाकटी जरा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तीही बसली. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, सरका जरा, गठ्ठा न्यायचाय." दोघी सरकल्या.